पुलावरचं अक्षर

मी शेवटचा भाग बोलतोय. 'नऊ बुरुज' या कादंबरीमालेचा पाचवा आणि अखेरचा. माझ्या आधीचे चौघे माझ्याहून देखणे आहेत, असं मला नेहमी वाटत आलं आहे. त्यांना लढाया पेटवायच्या होत्या. माझ्या वाट्याला त्या विझवणं आलं. ते मला जमलं की नाही, हे मी सांगू शकत नाही. जे घडलं ते तेवढं सांगतो.

माझा जन्म एका मागच्या खोलीत झाला. टेबल भिंतीला लावलेलं, खुर्चीवर उशी, आणि उशीवर एक इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. हा माझा लेखक. पहिला भाग त्यानं तरुणपणी लिहिला. तेव्हा त्याला युद्धाची मौज वाटत असावी. चहा पिता पिता तो बुरुज पाडायचा, चहा संपेपर्यंत आतली माणसंही संपवायचा. माझ्यापर्यंत येईतो त्याचे केस पांढरे झाले होते, आणि साधा एक पाणक्या मारायचा तरी त्याचं जेवणावरचं लक्ष उडायचं. माझ्या पहिल्या खर्ड्यात मेलेली कितीतरी माणसं दुसऱ्या खर्ड्यात उठून कामाला लागली.

"सुरू केलं तेव्हा वाटलं होतं, बंद करणंही आपल्याच हातात असेल," असं तो एकदा टेबलाशी बसून पुटपुटला होता. उत्तर द्यायला खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

तो सुट्या कागदांवर, शाईच्या पेनानं लिहायचा. ते अक्षर वाचता येणारी माणसं दोनच. एक त्याचा जुना स्नेही, प्रकाशनाचा मुद्रितशोधक. दुसरी त्याची मुलगी. ती दिवसभर एका दवाखान्याच्या नोंदणीखिडकीवर बसायची आणि घरी आली की माझी पानं संगणकावर उतरवायची. लेखक तिला 'सरकार' म्हणायचा.

सरकारांचा डावा पाय बारीक आहे. लहानपणच्या एका तापानं तो तसा राहिला. शाळेतल्या मुलांनी तिच्या चालण्याची नक्कल केली आणि ती रडत घरी आली, त्याच आठवड्यात पहिल्या भागात एक नवी मुलगी आली. लंगडी, शत्रूकडे ओलीस ठेवलेली. दुसऱ्या भागात तिला मुकुट मिळाला. घोड्यावर तिची मांड बसत नाही म्हणून ती खेचरावरून लढाईला जाते, आणि तिच्या सैन्यात खेचराला हसणाऱ्याची खैर नसते. वाचकांनी या लंगड्या राणीला फार जीव लावला.

ही राणी कुठून आली, हे बापानं लेकीला कधी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. ती एवढंच म्हणायची, "बाबा, राणीचं शेवटी काय करणार आहात?"

"सरकार, राज्यकारभारात लुडबूड नको. चहा टाका."

"राणीनं चहा टाकायचा होय?"

"राणीचा बाप तहानेनं मेला तर गादीला शोभेल का?"

मग ती चहा टाकायची.

माझं शेवटचं वाक्य एका सकाळी लिहून झालं. त्यानं पेनाला टोपण लावलं, तळहातानं माझ्या कडा सारख्या केल्या आणि स्वतःच चहा करायला गेला. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला.

तो इस्पितळातून परत आला तेव्हा त्याची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. अक्षरांकडे तो भिंतीवरच्या ओलीकडे बघावं तसा बघायचा. तोंडात दोनच शब्द राहिले होते: 'हो ना'. भूक लागली का? हो ना. नाही लागली? हो ना. ज्यानं पाच भाग लिहिले, त्याच्याजवळ एवढी शिल्लक.

मुलीनं माझं काम थांबवलं नाही. मला वाटतं, तिला त्याचा आधार होता. ती उतरवत उतरवत शेवटच्या पानावर आली आणि तिथं अडली.

नवव्या बुरुजाला राणीनं वेढा घातलेला आहे. धान्य दोन्हीकडचं संपलंय. राणी एकटीच खेचरावरून पुलाच्या मध्यावर येऊन उभी राहते. आणि मग माझी शेवटची दोन वाक्यं: 'किल्ल्यातले सगळे खाली उतरले. पुलावर राणीला मरण आले.'

किंवा, 'पुलावर राणीला शरण आले.'

एका अक्षराचा फरक. घाईत लिहिलेला त्याचा 'श' गाठ न मारताच खाली उतरायचा आणि 'म' होऊन बसायचा. तिनं डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, उजेडाकडे धरून पाहिलं. शेवटी मुद्रितशोधकाला फोन केला.

तुम्ही म्हणाल, तुला तर माहीत असणार. नाही हो. मला फक्त निब लागली. त्या अक्षरापाशी ती थबकली, शाईचा बारीक ठिपका पडला आणि मग ती भरकन पुढे गेली. अर्थ मला कुणी वाचू लागल्यावर कळतो, आणि इथं वाचणारेच थांबले होते.

मुद्रितशोधक भिंग घेऊन आला. त्याच्या पाठोपाठ प्रकाशकही आला, कारण छपाईची वेळ ठरली होती.

"मागच्या एका पानावर 'मशाल' आहे बघ," मुद्रितशोधक म्हणाला. "त्यात दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी आहेत. लावून बघू."

त्यांनी 'मशाल' काढली. दोन्ही अक्षरं जुळ्या भावांसारखी होती.

"मेल्यानं कॉलेजातही असंच लिहून मला छळलं," मुद्रितशोधक म्हणाला. "व्याकरणात तरी पकडावा, तर तिथंही निसटतोय. मरण आले, शरण आले. दोन्ही शुद्ध."

"मला विचाराल तर मरणच," प्रकाशक म्हणाला. "ताई, रागावू नका. पण वाचक रडला पाहिजे. एवढं मोठं युद्ध, आणि शेवटी सगळे हात जोडून उभे? पटत नाही."

"तुम्हाला पटायला नकोय हो. यांनी काय लिहिलंय ते हवंय," मुलगी म्हणाली.

"मग सरांनाच विचारू." प्रकाशक खाटेजवळ वाकला. "सर, राणीला मरणच ना?"

"हो ना," लेखक म्हणाला.

"झालं तर."

"थांबा." मुद्रितशोधक पुढे झाला. "अरे, शरण ना? शरण?"

"हो ना."

प्रकाशक हसला, पण लेखकाच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं तसा खाटेपासून मागे सरला. लेखकाला प्रश्न कळत होता. उत्तरही, बहुधा, ठाऊक होतं. दार तेवढं बाहेरून बंद होतं.

प्रकाशक गेल्यावर ती मुद्रितशोधकाला म्हणाली, "काका, मरण असेल तर मरण. मी काही लहान नाही. पण मला कळायला हवं. इतकी वर्षं राणीच्या त्या पायानं मला चालवलं यांनी. शेवटी पुलावर मला सोडून दिलं की काय, एवढंच मला बघायचंय."

मुद्रितशोधकानं भिंग पुसून खिशात ठेवलं. "तू हवं ते घाल. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना."

छापून काढलेल्या प्रतीत तिनं ती जागा मोकळी सोडली. त्या दिवसांत मी शेवटच्या ओळीत एक भोक घेऊन टेबलावर पडून होतो. इतकी माणसं माझ्यात मेली, पण त्या एका रिकाम्या जागेइतकं मला काही बोचलं नाही.

लेखकाला बोलणं शिकवायला एक बाई येऊ लागल्या. फार हसतमुख, आवाज मोठा. त्या म्हणाल्या, "एकेकटा शब्द यांना जमणार नाही. पण वाक्य आपण सुरू केलं, तर पुष्कळदा ते पुरं करतात. बघा हं. आजोबा, नळाला पाणी —"

लेखकानं ओठ हलवले. बाई थांबल्या. "आलं," तो म्हणाला.

मुलगी दारातच खाली बसली.

"दारात पाहुणे —"

"आले."

"चहात साखर घालायला घ्या —"

"मचा."

"चमचा," बाई म्हणाल्या. "पहिलं अक्षर निसटतंय अजून. येईल हळूहळू."

बाई गेल्यावर मुलगी स्वतःशीच म्हणत राहिली, पाणी आलं, पाहुणे आले. पाणी आलं, पाहुणे आले. मग एकदम उठून तिनं मला टेबलावरून उचललं.

मलाही तेव्हाच उमगलं. मी आत्ता तुमच्याशी बोलतोय म्हणून 'आलं', 'गेलं' म्हणतोय. माझ्या आत मात्र सगळीकडे 'आले', 'गेले' आहे. लेखक जुन्या वळणानं लिहायचा. पण प्रकरण पुरं झालं की तो लेकीला मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि वाचताना जीभ बोलल्यासारखीच चालायची. कागदावर 'धुके पसरले', तोंडात 'धुकं पसरलं'. ती त्याला चिडवायची, "लिहिताना इस्त्रीचे कपडे आणि वाचताना घरचे." म्हणजे लिहिण्यात मरण आले आणि शरण आले हे सारखेच, पण त्याच्या तोंडात नाही. मरण असेल तर ते आलं. शरण असेल तर किल्ल्यातले सगळे आले.

ती त्याच्या खाटेवर बसली. मला मांडीवर घेतलं आणि शेवटचं पान त्याच्या पूर्वीच्या चालीवर वाचू लागली. खेचराचे खूर, खाली पाणी, पलीकडे उघडणारा दरवाजा. तिचा आवाज नीट होता, पण माझी कड तिनं इतकी घट्ट धरली होती की तिथं अजून सुरकुती आहे.

"किल्ल्यातले सगळे खाली उतरले," तिनं वाचलं. "पुलावर राणीला —"

आणि थांबली.

तो खिडकीकडे बघत होता. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मला वाटलं आता 'हो ना' येणार.

"रण," तो म्हणाला. पहिलं अक्षर निसटलंच. कपाळावर शीर उभी राहिली. "रण आले."

ताडून बघायला ती म्हणाली, "बाबा, नळाला पाणी —"

"आलं."

"पुलावर राणीला —"

या खेपेस तो वैतागला. वर्गातल्या मठ्ठ मुलाला तेच पुन्हा सांगावं तसं म्हणाला, "रण आले." आणि कुणी न विचारता पुढे जोडलं, "हो ना."

तिनं मला बाजूला ठेवलं आणि त्याच्या निर्जीव हातावर कपाळ टेकलं. मी पालथा पडलो होतो, त्यामुळे पुढचं मला दिसलं नाही. ऐकू आलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

मुद्रितशोधकाला तिनं सगळं सांगितलं. तो आनंदला, पण त्याची शंका घेण्याची सवय जन्माची. "रागावू नकोस हं," तो म्हणाला. "तुला ते 'आले' ऐकू आलं, की ऐकायचं होतं?"

"दोन्ही, काका. पण आधी ऐकू आलं."

त्यानं मान हलवली आणि मोकळ्या जागेत लाल पेनानं 'श' लिहिला. गाठ मारून, ठसठशीत.

त्याची शंका मी मात्र अजून बाळगून आहे. आजारी माणसाची जीभ. तिचा काय भरवसा? कदाचित त्या दिवशी ती वाचून दाखवत असल्यानं त्यालाही इस्त्रीचे शब्द सुचले असतील. मी तिथंच, तिच्या मांडीवर होतो, मीही ऐकलं. तरी छातीठोकपणे सांगायला मला भीती वाटते. पण एक मी पाहिलंय. त्या वाक्यासाठी त्यानं जेवढं बळ लावलं, तेवढं मागं कुठलाही बुरुज पाडताना लावलेलं मी ऐकलेलं नाही.

मग मी छापला गेलो. प्रकाशक थोडा नाराज होता, तरी त्यानं कागद चांगला वापरला. पहिली प्रत मुलीनं बापाच्या डाव्या हातात ठेवली. त्यानं मला उलटं धरलं आणि गंभीरपणे बघत राहिला. तिनं मला सुलटं केलं.

आता दुपारी ती त्याला मला वाचून दाखवते. फार हळू वाचते, मधेच थांबून त्याला शब्द पुरे करायला लावते. 'मशाल' त्याला परवा पुरी म्हणता आली. या चालीनं पुलापाशी पोचायला खूप दिवस लागतील. तिला घाई नाही. त्यालाही नसावी. दुकानांत मी कधीच संपलेलो आहे. त्या खोलीत वेढा अजून चालू आहे, राणी अजून छावणीत खेचराला चारा घालते आहे.

काही वाचक म्हणतात, शेवट गुळमुळीत झाला, राणी मरायला हवी होती. त्यांचंही बरोबर असेल. माझ्यात इतके मेले आहेत, की आणखी एक मेली असती तर गोष्ट कदाचित जास्त शोभली असती. मला त्यातलं कळत नाही.

पण तुमच्या हाती पडलो तर एवढं करा. शेवटच्या ओळीवर डोळ्यांनी उडी मारून मला मिटू नका. ते वाक्य मोठ्यानं म्हणा, आणि त्यातलं 'आले' सावकाश, पुरतं म्हणा. कुणीतरी ते फार कष्टानं म्हटलं होतं.