मोहरीच्या फुलाचा पिवळा

“ही गेल्या सालची दिसते.” लोकमान बेपाऱ्याने काशेमच्या ढिगातलं एक हळकुंड उचललं आणि परत टाकून दिलं.

“गेल्या सालची? अहो, आठ दिवसांपूर्वी उकडून वाळवलीय! मोताहारभाईंच्या पुढ्यात आहे ना, ती पण माझ्याच रानातली. अर्धी त्यांनी गिरणीत नेली, अर्धी मी अशीच आणली. विचारा त्यांना.”

“मग तिकडे जाऊन तिला जवानी कशी चढली रे?”

शिमुलतलीचा हाट हसला. मोताहारही हसला. लोकमानने मोताहारच्या ढिगातलं हळकुंड घेतलं, तळहातावर थुंकी लावून घासलं. पिवळाधमक पट्टा उठला. तरी बेपारीच तो. त्याने भुवई वर केली. मोताहारने दुसरं हळकुंड उचललं, दातांनी तोडलं आणि चघळत उभा राहिला. याच्यापुढे कुठल्याही बेपाऱ्याचं काही चालत नसे.

“बांधा सगळी,” लोकमान म्हणाला.

काशेम आपली हळद पुन्हा पोत्यात भरू लागला. “पुढच्या खेपेला सगळीच तुमच्या गिरणीतल्या ढोलात घाला, भाई. शेतकऱ्याला हळद कळते. गिऱ्हाईक बघतं रंग.”

मोताहारला आज थांबायला वेळ नव्हता. दुपारी दवाखान्याच्या आपा घरी यायच्या होत्या. त्याच्या लेकीच्या, मर्जिनाच्या रक्तात शिसं निघालं होतं, आणि मर्जिनाला सातवा लागला होता.

*

ढाक्याला हळदीचा पिवळा अंड्याच्या बलकासारखा लागतो, चितगावला त्याहून तांबूस, खानावळवाल्यांना मोहरीच्या फुलासारखा, म्हणजे चिमटीभर टाकली की अख्खं पातेलं उठून दिसतं, आणि लग्नसराईत नवरीच्या अंगाला लावायची असेल तर सगळ्यात तेज, कारण फिकी हळद अंगावर चढली तर मुलीकडचे लोक कंजूष ठरतात. हे सगळं मोताहारच्या मनगटात होतं. ढोल फिरतोय, आतली हळकुंडं एकमेकांवर घासून साल सोडताहेत. कितव्या फेऱ्याला किती मूठ बासंती टाकायची, ते त्याला मोजावं लागत नसे.

बासंती म्हणजे पिवळी भुकटी. मोठ्या पुराच्या साली हळद भिजून काळी पडली, तेव्हा त्याच्या उस्तादाने ती पहिल्यांदा वापरली. पूर ओसरला, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बसलेला पिवळा ओसरला नाही. वाण्याकडे जिऱ्या-मिऱ्याच्या शेजारी पुडीत मिळायची ती. तिला कोणी रंग म्हणत नसे. हळद उजळायची, एवढंच.

आणि उजळलेल्या हळदीतली सगळ्यात तेज मूठ मोताहार दर हाटाला घरी आणी. मर्जिना बाळंतपणाला माहेरी आली, आई नव्हती तिला, म्हणून बापच रोज दूध तापवून त्यात ती हळद घालून देई. पहिल्या खेपेलाही त्यानेच दिली होती.

*

भिंतींना जुना रंग?
मातीच्या आहेत.
पाणी?
हापशाचं.
जुन्या बॅटऱ्या फोडणारं जवळपास कोणी?
नाही.
सुरमा?
ईदला. तेवढाच.
स्वयंपाकाची भांडी?
ही काय, समोर.
घरात कोणी रंगाचं काम करतं?
नाही.

हे शेवटचं ‘नाही’ मोताहारने दिलं, आणि ते देताना त्याच्या मनात काहीच आलं नाही.

*

रेबेका आपांनी वही मिटली आणि पिशवीतून पिस्तुलासारखं एक यंत्र काढलं. पातेल्याला लावलं. ताटाला लावलं. मर्जिनाची चार वर्षांची तुली दारात बसून त्या यंत्राकडे बघत होती. तिच्या वयाची पोरं अख्खा हाट डोक्यावर घेतात. तुली अजून ‘मा’ म्हणत नव्हती. गाव म्हणायचं, नजर लागली.

आपांनी मसाल्याचे डबे एकेक करून पुढे ओढले. मिरची. धणे. तिसऱ्या डब्यावर यंत्र ओरडलं. आपांनी ते काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

“ही हळद कुठून आणता?”

मोताहारने तोंड उघडलं, पण मर्जिना आधी बोलली.

“हाटातून.”

“कोणाकडून?”

“लक्षात नाही, आपा. बसतात तिथं पुष्कळजण.”

“यात रंग घातलाय, चाचा. भिंतीच्या रंगात घालतात ती भुकटी. शिशाची. पोटातल्या बाळाच्या मेंदूत जाऊन बसते.” आपांनी डबा पिशवीत घातला. “आजपासून बंद. एक चिमूटसुद्धा नको.”

“बंद केल्यावर हे बाळ...” मर्जिना अडखळली.

“आता बंद केलंत तर बरंच होईल,” आपा म्हणाल्या. आधीच पोटात गेलेल्या हळदीचं त्यांनी सांगितलं नाही.

*

आपांची सायकल बांधावरून दिसेनाशी झाली.

“तुलीच्या वेळी पण हीच ना, आब्बा?”

मोताहार हातांकडे बघत राहिला. नखांच्या कडा पिवळ्या होत्या. गेली तीस वर्षं त्या पिवळ्याच होत्या.

“मला वाटलं, तेज ती चांगली,” तो म्हणाला. “चांगली म्हणून तर तुला देत होतो गं.”

“माहीत आहे.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीला हात लावून उठली, पदर डोक्यावर घेतला.

“कुठं निघालीस?”

“मोमेनाकडे. तिलाही पाचवा आहे. मागच्या हाटाला मी तिला वाटीभर दिली होती. मनात म्हटलं, माझ्या आब्बांच्या हातची आहे.” ती जरा थांबली. “आणि जोसनाकाकूंकडे. आणि मधल्या वाडीत. काळजी करू नका, तुमचं नाव घेत नाही मी. हाटातली म्हणून सांगते.”

पोट सांभाळत ती पायवाटेने गेली. मोताहार ओसरीवर उभा. उद्या गिरणीत वीस पोती ढोलात जायची होती. तो नसला तर त्याच्याच हाताखाली शिकलेला जब्बार भुकटी टाकेल, आणि लोकमान ती हळद उचलेल, आणि काशेमची मातकट हळद पुन्हा पोत्यात जाईल. तुली त्याच्या लुंगीला धरून उभी होती. त्याने तिला कडेवर घेतलं आणि मर्जिनामागे निघाला.

ती मोमेनाच्या अंगणात पोचली होती, पण अजून काही बोलली नव्हती. मोताहारला बघून मोमेना लगबगीने आत गेली आणि पाट घेऊन आली. पदराने पुसून तिने तो सावलीत मांडला.

“चाचा, तुम्ही कशाला एवढ्या उन्हात? बसा ना.”

“नको, पोरी,” मोताहार म्हणाला. “आधी ऐक. मग म्हणावंसं वाटलं, तर बस म्हण.”