धाकट्याचं हसू

बातमी आली तेव्हा तिचे दोन्ही हात एका आजोबांच्या तोंडात होते. ती दातांची डॉक्टर. दवाखाना पहिल्या मजल्यावर, आणि बरोब्बर त्याच्या खाली तिच्या थोरल्या भावाचं चष्म्याचं दुकान. जिन्यात धाडधाड पाय वाजले, दार न ठोठावताच दादा आत शिरला आणि म्हणाला, "धाकटा गेला."  आजोबांनी आ वासलेल्या तोंडानेच हात जोडले.

मग दादाने हातातला फोन तिच्या डोळ्यांपुढे धरला, तेव्हा कुठे उलगडा झाला. धाकट्याने परदेशी लीगमधल्या एका संघाशी तीन वर्षांचा करार केला होता. फोटोत तो कुठल्याशा हिरव्या जर्सीत उभा होता. ती त्याला अजिबात शोभत नव्हती, असं दादाचं म्हणणं पडलं.

धाकटा म्हणजे त्यांच्या शहराच्या हॉकी संघाचा सेंटर फॉरवर्ड. संघात आला तेव्हा सगळ्यांत लहान, जर्सी गुडघ्यापर्यंत लोंबायची आणि हातातली स्टिक उधारीची वाटायची. गोलमागच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या मंडळींनी त्याचं नाव धाकटा ठेवलं. पुढे तो सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच झाला, संघाला दोनदा चषक मिळवून दिला, पण नाव काही सुटलं नाही. त्या पायऱ्यांवरच्या मंडळींचा म्होरक्या म्हणजे दादा. भावाबहिणीचं एरवी कशातच जमत नसे. आईची औषधं कुणी आणायची इथपासून घराला रंग कुठला द्यायचा इथपर्यंत प्रत्येक गोष्टीत वाद. पण सामना असला की दोघं शेजारी शेजारी बसत, एकाच थर्मासमधला चहा पीत, आणि धाकट्याने गोल केला की दादा तिला लहानपणी मारायचा तशीच पाठीत थाप मारत असे.

त्या दिवशी दादाने दुकानाच्या दर्शनी काचेतलं धाकट्याचं चष्मा घातलेलं मोठं चित्र उतरवलं. एका गिऱ्हाइकाने धाकट्यासारखीच फ्रेम मागितली, तर ती आता येत नाही असं दादाने ठणकावून सांगितलं, आणि फ्रेम त्याच्या डोक्यामागच्या फळीवर सगळ्यांना दिसत होती. वर दवाखान्यातही तीच तऱ्हा. बाकावरचे पेशंट एकमेकांशी तावातावाने बोलत होते. ज्याचा गाल टम्म सुजला होता आणि ज्याच्याने तोंड उघडवत नव्हतं, तोही बोलत होता. कुणी म्हणे पोरगं शेफारलं, कुणी म्हणे क्लबवाल्यांनीच त्याला वाऱ्यावर सोडलं. ती गप्प राहून काम करत होती, पण आतून धुमसत होती. मागच्याच मोसमात ह्या मुलाने चषक डोक्यावर घेऊन माइकवर सांगितलं होतं की हेच माझं घर. तिने ते आपल्या कानांनी ऐकलं होतं आणि भर मैदानात रडली होती. आता त्या रडण्याचीच तिला चीड येत होती.

संध्याकाळी रिसेप्शनवरच्या बाईंनी हळूच आठवण करून दिली. उपांत्य सामन्यात चेंडू लागून धाकट्याचा वरचा सुळा तुटला होता. तिनेच तो घासून, माप घेऊन त्यावर तात्पुरती कॅप बसवली होती. कायमची कॅप तयार होऊन आली होती आणि मंगळवारी तो बसवून घ्यायला येणार होता.

हे दादाच्या कानावर गेलंच. रात्रीच्या जेवणाला त्याने विषय काढला.

"बसवू नकोस," तो म्हणाला. "जाऊ दे तसाच. तिकडच्या लोकांना कळू दे, कुणाचं काय तोडून नेलंय ते."

तिने सांगितलं की दात जिवंत आहे, उघडा राहिला तर ठणकेल, आणि असला विचार करणारा माणूस लोकांचे डोळे तपासतो याचं तिला भय वाटतं. वहिनी हसली. दादा पानावरून उठला.

पण खरं सांगायचं तर तिचंही मन साफ नव्हतं. सोमवारभर ती मनात वाक्यं जुळवत होती. धाकटा खुर्चीत असणार, तोंड उघडं असणार, आणि त्याला उठून जाता येणार नाही. इतक्या माणसांच्या मनातलं बोलायची अशी संधी पुन्हा कुणाला मिळणार होती?

मंगळवारी तो दुपारच्या सुट्टीत, टोपी डोळ्यांवर ओढून आला. बाई जेवायला गेल्या होत्या. तिने त्याला बसवलं, हिरडीत भुलीचं इंजेक्शन दिलं, दिवा तोंडावर ओढला आणि दातावरची तात्पुरती कॅप सोडवायला घेतली. आणि तिथेच तिच्या संयमाचा बांध फुटला. माइकवर काय बोललास ते आठवतं का, तिने विचारलं. लोक कामधंदे टाकून तुझ्यासाठी येतात, माझ्या भावाने तुझ्यापायी मुलीच्या बारशाची तारीख बदलली. जायचं तर जा, पण आधी चार शब्द आम्हाला सांगावेसे वाटले नाहीत? फोटोतून कळवतोस?

धाकट्याने हात वर केला.

"थांब," ती म्हणाली. "माझं संपू दे, मग बोल."

आणि ती बोलत राहिली, हातही चालू राहिला. त्याचा हात तसाच वर होता. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून कानाकडे गेलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की त्याला उत्तर द्यायचं नव्हतं. दुखत होतं. भूल चढायच्या आतच तिने काम सुरू केलं होतं.

ती खजील झाली. शिकत असतानाही तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तिने माफी मागितली, दुसरं इंजेक्शन दिलं, जरा जास्तच दिलं, आणि पुरतं बधिर होईपर्यंत खिडकीशी पाठमोरी उभी राहिली. मग एक अक्षर न बोलता कॅप बसवली. सिमेंट धरेपर्यंत त्याने कापसाचा बोळा चावून धरला होता. 

बोळा काढल्यावर तिला वाटलं, आता हा उठून जाईल. तो गेला नाही. सुन्न ओठ सांभाळत, शब्द एकेक करून पुढे ढकलत तो बोलला.

"डॉक्टर, मागच्या मोसमात मी पाच पेनल्टी कॉर्नर वाया घालवले. लागोपाठ. तुम्ही होतात ना?"

ती होती.

"टाळ्या वाजवल्यात सगळ्यांनी. दादांनी तर माझ्या नावाचा घोष केला. मी घरी गेलो आणि मला कळेना, मी चांगला खेळतो की फक्त तुमचा आहे म्हणून चालतो. इथे मला कुणी ओरडतच नाही. तिथे मला कुणी ओळखत नाही. तिथे कळेल."

 पैशासाठी चाललो म्हणाला असता, तर दोन शब्द सुनावता आले असते. क्लबने छळलं म्हणाला असता, तर क्लबच्या दारात जाऊन बसली असती. पण ह्याने तर त्यांच्या मायेवरच बोट ठेवलं होतं, तेही इतकं हळू की रागावायलाही जागा नव्हती. हे कुणाला सांगू नका, वाईट वाटेल त्यांना, असं तो जाताना म्हणाला. तिने मान हलवली आणि लगेच तिला त्याचा पस्तावा झाला.

जिन्याखाली दादा उभा होता. दुकान वाऱ्यावर सोडून, पायऱ्यांवरच्या चार-पाच सोबत्यांना घेऊन. तिने वरून पाहिलं. शिव्या नव्हत्या, धक्काबुक्की नव्हती. दादा पडेल आवाजात एवढंच विचारत होता की बाबा रे, आम्ही कुठे कमी पडलो ते सांगून जा. धाकटा थबकला. बोलायला गेला, पण वरचा ओठ एका बाजूने मेलेला. दुसरी बाजू तेवढी वर गेली, नव्या कॅपसकट दात दिसले, आणि सगळा चेहरा तिरका झाला. मग त्याने तोंडावर हात धरला आणि झपझप निघून गेला.

"हसला," एक जण म्हणाला.

"आपल्या तोंडावर हसला," दादा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की तिला जिन्यावरूनच खाली उडी टाकावीशी वाटली.

ती धावत खाली आली. भूल आहे, ओठ बधिर आहे, त्याला हसताच येणार नाही, हे तिने परोपरीने सांगितलं. दादा म्हणाला, तू इंजेक्शन सगळ्यांनाच देतेस, तुझ्या जिन्यावरून आजवर कुणी असं हसत उतरलेलं मी पाहिलं नाही. इतरांना एरवी इतकं देत नाही, हे सांगायचं म्हणजे का दिलं तेही सांगायला हवं. ते तिच्या जिभेवर येऊन परत गेलं.

दोन दिवसांत धाकट्याचं हसू गावभर झालं. तिच्याच खुर्चीत बसून लोक तिला सांगायचे की तो कसा कुत्सित हसला, कशी मान उडवली. ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांना जास्त ठाऊक होतं. ती प्रत्येकाला समजावायची आणि प्रत्येक जण तिच्याकडे भोळसट बाईकडे बघावं तसं बघायचा. धाकटा विमानात बसला तेव्हा निरोपाला कुणी गेलं नाही. तिला जायचं होतं. दादाला काय सांगायचं ते सुचेना म्हणून राहिलं.

त्याच्याशिवाय पहिला सामना झाला त्या दिवशी पायऱ्या अर्ध्या रिकाम्या होत्या. धाकट्याच्या जागी नवा खेळाडू होता, दांडगा आणि घाबरलेला. पूर्वार्धातच पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्याने चेंडू इतका वरून मारला की तो जाळीमागच्या झाडीत गेला. पायऱ्यांवर सवयीने टाळ्या पडल्या. होतं असं, होतं असं, दादा ओरडला.

ती उभी राहिली. आपण काय करतोय ते तिला नीटसं ठाऊक नव्हतं. घसा ताणून तिने त्या खेळाडूला सांगितलं की सगळा भार मागच्या पायावर होता, चेंडू वर जाणार नाही तर काय होणार, आणि सरावाला झोपा काढतोस की काय. त्याने दचकून वर पाहिलं. 

"डोकं फिरलंय का तुझं?" दादा तिचा हात ओढत म्हणाला. "आपल्याच माणसाला ओरडतेस?"

"मग कुणाला ओरडू?"

दादाने थर्मास उचलला आणि दोन पायऱ्या खाली जाऊन बसला.

उत्तरार्धात आणखी एक कॉर्नर मिळाला. नव्या खेळाडूने मारण्याआधी एकदा वर तिच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यापेक्षाही वाईट मारला. आता सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. संघ तीन गोलांनी हरला, आणि बाहेर पडताना कुणीतरी तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालं की धाकटा गेला तो गेला, आता हिने दुसऱ्यालाही पळवून लावायचं ठरवलंय.

घरी जाताना दादा पुढे आणि ती मागे.  मग दादा मागे न बघताच म्हणाला, "त्या दिवशी इतका वेळ काय बोलत होता तो तुझ्याशी?"

"दातांबद्दल," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते फार मोठ्याने बोललं गेलं.

"आणि हसला नव्हता."

"नव्हता हसला, दादा. किती वेळा सांगू?"

 गल्लीच्या तोंडाशी त्याने चाल मंद केली, ती बरोबरीला आली.

"भार मागच्या पायावर होता, हे खरं," तो म्हणाला. "पण सांगायची काही रीत असते."

"तुमच्या रीतीने सांगत बसलो म्हणून तर..." ती म्हणाली आणि जीभ चावून थांबली.

"म्हणून तर काय?"

"काही नाही."

"काय ते बोल ना."

 दादा घराच्या दारापर्यंत तेच विचारत राहिला, आणि वहिनीने दार उघडलं तेव्हा दोघंही एकमेकांवर इतके चिडलेले होते की किती गोलांनी हरलो, हे तिला दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.