बाद केलेले तीन दगड

नामिबियाच्या वाळवंटातून आणलेल्या एक्केचाळीस दगडांपैकी तीन दगड स्पृहा दामलेने स्वतःच्या हाताने बाद केले होते. 'नमुना दूषित' असा शेरा मारला आणि जर्मनीतल्या येना शहरातल्या तिच्या संस्थेतून खाण कंपनीला अहवाल गेला: या दरीत खनिजं नगण्य. दगड दूषित नव्हते. त्यांत तांबं भरपूर होतं.

तिला ती दरी आवडली होती, एवढंच कारण. पीएचडीच्या कामासाठी ती तीन आठवडे तिथे तंबूत राहिली. सकाळी उठून बघावं तर हरणांच्या खुरांचे ठसे तंबूला वळसा घालून गेलेले असत. इथे खाण होणार ही कल्पनाच तिला सोसली नाही. जर्मनीत परतल्यावर, आपण चांगलंच केलं, असं तिने मनाला पटवलंही होतं.

मग पेट्रुसचा मेसेज आला. पेट्रुस तिचा तिथला वाटाड्या, दरीच्या तोंडाशी शेळ्या पाळणारा पन्नाशीचा माणूस. खाण कंपनीने आपला तळ गुंडाळला होता. त्याची तक्रार काहीच नव्हती. कोरड्या नदीतल्या हिरव्या दगडांत काही नाही यावर वस्तीत कुणाचा विश्वास बसेना, असं त्याने लिहिलं होतं. पुढे म्हटलं होतं, मी सगळ्यांना सांगितलं, त्या मुलीने तपासलंय, ती खोटं लिहायची नाही.

ते दगड त्यानेच पाठीवरून वाहून आणले होते.

दोन दिवस स्पृहाला अन्न गोड लागेना. लॅबमध्ये कुणी सहज "आलेस गूट?", सगळं ठीक ना, असं विचारलं तरी ती नजर चुकवायची. तिसऱ्या दिवशी ती प्रोफेसर लिंडनर बाईंच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळी झाली. मोकळं मात्र वाटलं नाही.

बाईंनी चष्मा काढला.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "अहवाल मागे घ्यावा लागेल. आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट मला वाढवता येणार नाही."

"हो. पण ती दरी..."

"दरीचं काय करायचं ते तिथली माणसं ठरवतील, फ्राउ दामले. दगडात काय आहे ते सांगायचं, एवढंच तुमचं काम होतं."

संध्याकाळी तिने पेट्रुसला फोन लावला. माफीची वाक्यं लिहून काढली होती, त्यातलं एकही धड बोलता आलं नाही. खोटं लिहिलं, दरी वाचवायची होती, एवढं तुटक सांगून ती थांबली. पलीकडे शेळ्या ओरडत होत्या.

"मला विचारायचंस," तो शेवटी म्हणाला. "मीही कदाचित खाण नकोच म्हणालो असतो. पण विचारायचंस."

त्याने फोन ठेवला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पण त्याने कागद शोधला आणि तिन्ही दगडांत तांबं किती ते विचारलं. ती वाचू लागली. तो एकेक आकडा पुन्हा म्हणत, सावकाश लिहून घेत होता.