गिळलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना कंपायलर आहे. माणसं त्यांना वाचता येईल अशा भाषेत प्रोग्राम लिहितात आणि मी तो यंत्राला कळेल अशा आकड्यांत उतरवतो. माझ्या आत काय आहे हे कोणी पाहू नये, म्हणून कंपनीनं मला कुलूपबंद करून विकलं. खरं सांगू? माझ्या आत काय आहे, ते मलाही दिसत नाही.

सौसरच्या रघुनाथरावांच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात मी बरीच वर्षं राबलो. रुई दाबून गठाण बांधणारं प्रेस माझ्याच आकड्यांवर चालायचं. "कंपनीचा माल आहे, एकदाही अडला नाही," असं ते आल्यागेल्याला कौतुकानं सांगत.

मागच्या हंगामात पांढुर्ण्याच्या तृप्तीनं प्रेससाठी नवा प्रोग्राम लिहिला. त्यात एक ओळ होती. प्रेस खाली येत असताना त्याच्या दाराकडे सारखं पाहत राहा, दार उघडलं की थांब. बोरगाव आणि मोहगावच्या प्रेसलाही तिनं हाच प्रोग्राम बसवला. तिन्ही ठिकाणी तो मीच उतरवून दिला.

एका दुपारी प्रेसवर रुई भरणाऱ्या शकुबाईनं दार उघडून अडकलेली रुई ओढली. प्रेस थांबलंच नाही. तिनं हात कसाबसा मागे घेतला, पण पदर आत ओढला गेला आणि टरकन फाटला. थोड्या वेळानं गठाण बाहेर आली. पांढऱ्या रुईतून हिरव्या लुगड्याची चिंधी डोकावत होती.

"दार उघडं होतं जी," शकुबाई म्हणाली. "मशीन मले पाहून राहिली होती, तरी खाली आली."

माणसं प्रेसजवळ जाईनात. कोणीतरी नारळ फोडला. तृप्तीनं तीन दिवस आपला प्रोग्राम पुन्हा पुन्हा वाचला. ओळ जागेवर होती. तिनं माझ्या कंपनीला लिहिलं. असा दोष आमच्याकडे नोंदलेला नाही, एवढंच उत्तर आलं.

"काकाजी, ओळ मी लिहिली आहे, पण यंत्रापर्यंत पोचून नाही राहिली," ती रघुनाथरावांना म्हणाली. "मधात हा कंपायलरच आहे. फुकट मिळणारा एक उघडा कंपायलर आहे, तो आणू."

"मग काय फुकटचा आणतं? कोणी बनवला त्याचा पत्ता नाही. त्याच्या भरोशावर माणसं उभी करू?"

"फुकटचा म्हणून नाही, उघडा आहे म्हणून सांगून राहिली. त्याच्या आत पाहता येते."

"लाखो ओळी तू वाचशील?"

"सगळ्या नाही वाचू शकत. पण शंका आली तं दार वाजवता येते. याले दारच नाही."

तो उघडा कंपायलर आला. पहिल्या दिवशी त्याच्या आकड्यांवर प्रेस हललंच नाही. रघुनाथराव हसले. तृप्तीनं चूक शोधून पाहिली, मग तो कंपायलर वापरणाऱ्या लोकांना इंटरनेटवर विचारलं. दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी दूरच्या देशातल्या अनोळखी माणसानं नेमकी जागा दाखवली, आणि तिनं ती दुरुस्त केली.

मग तिनं सगळ्यांना लांब उभं करून रुई भरलेला हातमोजा आत ठेवला आणि प्रेस खाली येत असताना दोरीनं दार उघडलं. नव्या आकड्यांवर प्रेस जागच्या जागी थांबलं. माझ्या आकड्यांवर ते शांतपणे खाली गेलं. हातमोजा पापडासारखा झाला.

तृप्तीनं माझे आकडे उलगडून पाहिले. सारखं पाहत राहा, याचं मी एकदाच पाहा, असं केलं होतं. काम लवकर व्हावं म्हणून पुन्हा पुन्हा तेच करणाऱ्या वाटतात त्या ओळी मी गाळतो. त्याच वेगासाठी माझं कौतुक व्हायचं. मित्रांनो, ती ओळ गिळताना मला काहीच जाणवलं नव्हतं.

रघुनाथरावांनी हातमोजा उचलला.

शकुबाईनं विचारलं, "याच्यावर अजून कुठं कुठं प्रेस चालू आहे?"

तृप्तीचा चेहरा उतरला. तिनं बोरगावला फोन लावला, रघुनाथरावांनी मोहगावला. दोन्हीकडची प्रेसं दिवस मावळायच्या आत थांबली. मला काढून टाकलं, ते बरंच झालं.

पण कंपनीनं माझ्या प्रती कुठे कुठे विकल्या, हे तृप्तीला कळलं नाही. मलाही माहीत नाही. म्हणून एक विनंती आहे. जे यंत्र तुमच्या हातांच्या इतक्या जवळ चालतं, त्याच्या आत पाहायचा हक्क मागा, आणि तो मिळाला तर खरंच पाहा. माझ्या आत काय गिळलं गेलं, ते मी सांगू शकणार नाही. आत्ता, या क्षणी, मी कुठेतरी कोणाची तरी ओळ वाचतो आहे.