दोनदा उलटलेला बोर्ड

घड्याळजींनी उभ्या आयुष्यात हजारो घड्याळं खोलली आणि पुन्हा चालती केली, पण या तळहाताएवढ्या बोर्डाने त्यांना घाम फोडला होता.

बायकोच्या घशाचं ऑपरेशन होऊन तिचा आवाज गेला होता आणि आज ती घरी यायची होती. बाजारातल्या बेलचं घट्ट बटण तिच्या अशक्त बोटांनी दाबलं जात नव्हतं. म्हणून परगावच्या लेकीने नुसत्या स्पर्शाने वाजणाऱ्या घंटीचं सर्किट आखून पाठवलं होतं. कॉम्प्युटरवर त्याचा टूलपाथ करायचा, म्हणजे कोरणारी सुई कुठून कुठे फिरेल ते ठरवायचं, आणि टेबलावरच्या सीएनसी मशीनने तांबं चढवलेल्या बोर्डावर ते कोरून घ्यायचं. बोर्ड मोजून तीन.

पहिला उलटा निघाला. आयसी चिपचे पाय भलत्याच रेघांवर.

"बाबा, तांबं खालच्या अंगाला येतं," लेक फोनवर म्हणाली. "म्हणून आरशात दिसेल तसं कोरायचं असतं. थांबा, फाइल परत पाठवते."

"पाठव, कळलं मला." कळलं होतं निम्मंच.

नवी फाइल आली. त्यांनी आठवणीने ती कॉम्प्युटरवर उलटवली आणि मशीन सुरू केलं. दुसरा बोर्ड निघाला तो हुबेहूब पहिल्यासारखा! त्यांनी तो खिडकीशी धरला, पालथा केला, स्वतः टेबलाच्या पलीकडे जाऊन पाहिला. उलटं केलं तरी तेच, न करता तेच. मग सुलटं म्हणजे नक्की काय? त्यांची मती गुंग झाली. तिसऱ्या बोर्डाला हात लावायची त्यांना चक्क भीती वाटू लागली.

तेवढ्यात मेव्हणी बायकोला घेऊन आलीच. बायकोने त्यांचा चेहरा पाहिला आणि पलंगाऐवजी त्यांच्या खुर्चीत बसली. त्यांनी सगळं रामायण सांगितलं. तिने वही ओढून स्केचपेनने लिहिलं, 'तिने फाइल उलटून पाठवली होती का?'

"ते... विचारलं नाही."

'तुम्ही उलटणार, हे तिला सांगितलंत?'

"तेही नाही." तिने खाली लिहिलं, 'म्हणजे मीठ दोघांनी घातलंत.'

या घरात बापलेकीची रीतच ती. चूक दिसली की मुकाट्याने दुरुस्त करायची, बोलायचं नाही. त्यापायी कितीतरी भाज्या खारट झाल्या होत्या. लेकीला फोन लावला. तिनेही उलटलीच होती.

तिसरा बोर्ड एकदाच उलटला आणि बरोबर निघाला. संध्याकाळी बायकोच्या उशाशी घंटीची, नुसता हात लावायची पत्र्याची चकती बसली. घड्याळजी आपल्या टेबलाशी जाऊन बसतात न बसतात तोच घंटी वाजली. ते पाणी, गोळी आणि जादा उशी घेऊन धावले.

बायकोने त्या पसाऱ्याकडे पाहिलं. वहीत लिहिलं, 'आधी विचारा.'

त्यांनी सगळं खाली ठेवलं आणि पलंगाच्या कडेला बसले. "काय हवंय गं तुला?"

असं त्यांनी कधी विचारलं होतं, ते दोघांनाही आठवेना. तिने वहीचं कोरं पान काढलं आणि बराच वेळ लिहीत राहिली.