फौजदाराच्या पंजावर दही

सत्यवती बी.ए. झाली होती, त्यामुळे तिच्या काळजीला पुस्तकी आधार असे. इतर बायका नुसत्या घाबरत. ही कारणं देऊन घाबरायची. पनवेलच्या घरात आल्या आल्या तिने विहिरीवर झाकण बसवून घेतलं होतं, आणि चार वर्षांच्या आनंदाला थंडीत दोन कानटोप्या घालायची पद्धत पाडली होती. "एक पोराच्या डोक्याला, एक आईच्या समाधानाला," असं तिच्या सासूबाई, कृष्णाबाई, शेजारणींना सांगत.

राहता राहिला घरचा कुत्रा. नवरा जगन हायस्कुलात भूगोल शिकवायचा आणि सुटी मिळाली की डोंगर चढायचा. कर्नाळ्याहून उतरताना हे पिवळट, संशयी चेहऱ्याचं पिल्लू त्याच्या मागे लागून आलं. येणाऱ्याजाणाऱ्याची ते अशी काही झडती घेई, की जगनने त्याचं नावच फौजदार ठेवलं.

गेल्या महिन्यात आनंदा फौजदाराबरोबर वडाळे तळ्यावर खेळून आला, तो सदऱ्याचं मागचं टोक फाटलेलं आणि त्यावर दात उमटलेले. झालं! पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शनं सत्यवतीच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"या घरात एक तर फौजदार राहील नाही तर मी!"

"विचार करायला थोडा वेळ देशील?" जगन म्हणाला.

शेवटी तोड निघाली. माथेरानच्या तलावाजवळ एका बंगल्यावर शिरढोणचा काशीराम रखवालदार होता, जगनच्या ओळखीचा. त्याला कुत्रा हवाच होता. डोंगर चढायचा, तलाव बघायचा, फौजदाराला पोचवायचं आणि उतरायचं, असं ठरलं. आनंदाला मात्र फक्त तलावाचं सांगितलं होतं.

निघताना सत्यवतीने रीतीप्रमाणे हातावर दही घातलं. जगनच्या घातलं, आनंदाच्या घातलं. तिसरा पंजा आपणहून पुढे आला. हात सवयीचा, त्यावरही चमचाभर पडलं.

"सूनबाई, सगळ्यांना दही पोचलं ना?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"हो, आई."

"बरं बरं," म्हणून त्या पदरात तोंड लपवून आत गेल्या.

भात आणायला निघालेल्या गिरणीच्या ट्रकने त्यांना डोंगराच्या पायथ्याशी, धोदाणीला सोडलं. संध्याकाळी तोच ट्रक परत नेणार होता. वाट चढू लागली. पुढे जगन, त्याच्या खांद्यावर आनंदा, मागे सत्यवती.

"अहो, जपून! डावीकडे दरी आहे."

"ती जागची हलत नाही, बाईसाहेब. आपणच हलतोय."

फौजदार तर डोंगर दुप्पट चढत होता. पुढे धावून बापलेकांना बघून यायचा, मागे येऊन सत्यवतीला हुंगायचा, सगळी आहेत अशी खात्री झाली की परत पुढे.

दुपारी तलाव आला. गर्द झाडीत, निवांत. काशीरामने ओसरीवर चहा ठेवला, आणि तेवढ्यात आनंदा पाण्याकडे पळाला. सत्यवती कप टाकून धावली. काठाशी तिने त्याच्या सदऱ्याचं उजवं टोक पकडलं. डावं आधीच फौजदाराच्या तोंडात होतं. पोराच्या पाठीवरून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघंही धापा टाकत होती, आणि सोडायला कोणीच तयार नव्हतं. टर्रकन सदरा फाटला.

सत्यवतीला वडाळे तळ्यावरून आलेला तो फाटका सदरा आठवला.

जगनने दोन्ही टोकं नीट तपासली. "डावं त्याने फाडलं, उजवं तू. आता इंजेक्शनं नक्की कुणामुळे घ्यायची?"

ती लालबुंद झाली. पण महिनाभर धरलेला हट्ट आत्ता सोडला तर हा माणूस जन्मभर हसणार! तिने ओसरीवर येऊन चहा पुढे ओढला.

"बेस हाय कुत्रा," काशीराम म्हणाला. "जागता हाय. पयलाबी असाच व्हता."

"त्याचं काय झालं?"

"वाघरानं नेला. त्याच्या आधीचाबी. रात्री व्हरांड्यात निजतात ना, मंग नेतो."

त्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं, जणू पोस्टमन येऊन गेला. सत्यवतीने कप खाली ठेवला. तरी हट्ट सुटला नाही. फौजदाराला खांबाला बांधलं आणि माणसं उतरू लागली.

"फौजदार कधी येणार?" आनंदाने विचारलं. "पायाखाली बघ," जगन म्हणाला.

उतरताना मोजदाद करायला कोणी नव्हतं. ते काम आपोआप सत्यवतीकडे आलं. पुढे जाऊन आनंदाचे पाय बघायची, मागे येऊन रिकाम्या वाटेकडे बघायची, की पुन्हा पुढे.

"अगं, किती फेऱ्या घालशील?" जगन म्हणाला. "आता नुसती भुंकायची बाकी आहेस."

ती थांबली. "अहो, त्याची थाळी द्यायची राहिली."

"काशीराम घालेल कशात तरी."

"त्याला दुसऱ्या भांड्यात खायची सवय नाही."

"ट्रक चुकेल."

"चुकू दे," ती म्हणाली. एस.टी.साठी तासभर आधी जाऊन बसणारी ही बाई! थाळी घेऊन ती एकटी वर निघाली. दरी डावीकडे की उजवीकडे, हेसुद्धा तिने पाहिलं नाही.

"काशीराम, तुमची फसवणूक नको म्हणून सांगते," ती धापा टाकत म्हणाली, "हा कुत्रा फार भित्रा आहे."

तिला बघून फौजदाराने भुंकून बंगला डोक्यावर घेतला होता. वरच्या फांदीवरची माकडंसुद्धा पळाली.

काशीरामने एकदा माकडांकडे पाहिलं, एकदा तिच्या हातातल्या थाळीकडे, आणि हसू दाबत दोरी सोडली. "भित्रा हाय तं न्या, ताई. मी आपला दार लावून निजेन."

एका हातात थाळी, दुसऱ्या हातात दोरी, अशी ती खाली आली. आनंदा तिला सोडून थेट कुत्र्याच्या गळ्यात पडला. जगनने तोंड उघडलं. "एक शब्द बोलू नका," ती म्हणाली. तो बोलला नाही. पण शीळ घालत उतरला, आणि ते अधिक वाईट होतं.

ट्रक अर्थातच चुकला. पेंढ्याच्या बैलगाडीतून घरी पोचेतो चांगलीच रात्र झाली होती. ओसरीवर कृष्णाबाईंनी दुधात भाकरी कुस्करून ठेवली होती.

"आई, तुम्हाला कसं कळलं, तो परत येणार म्हणून?"

"अगं, ज्याला घालवायचं त्याच्या हातावर का कोणी दही घालतं? सुखरूप परत ये म्हणून घालतात ते! म्हटलं, शिकलेली पोरगी, विचार करूनच घातलं असेल."

शीळ पुन्हा सुरू झाली. जगन आत गेला, आनंदा आत गेला. फौजदाराने भाकरीला तोंड लावलं नाही. तो उंबऱ्याशी उभा राहून अंगणात बघत होता, कारण एक माणूस अजून बाहेर होतं.

"आले रे बाबा, आले," सत्यवती म्हणाली आणि पेंढा झटकत आत शिरली.