गंगव्वाचे हात

श्रीरंग देसूरकरांना त्रेसष्टाव्या वर्षी मोठा पुरस्कार मिळाला आणि ज्यांच्या पुस्तकांना तीस वर्षं वाळवीशिवाय कुणी विचारलं नव्हतं, ते आठवड्याभरात थोर लेखक झाले. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एचएसआर लेआउटमधली, आयटीत नोकरी करणारी मराठी पोरंपोरी यशवंतपूरच्या त्यांच्या दोन खोल्यांत येऊन फोटो काढू लागली. प्रकाशकाने नव्या कादंबरीची जाहिरातसुद्धा करून टाकली. लिहून झाली होती फक्त चाळीस पानं. ती ज्याला दाखवावीत तो म्हणे, अप्रतिम. या अप्रतिमचं करायचं काय, ते त्यांना कळेना.

पूर्वी ही अडचण नव्हती. शेजारी निपाणीकडची गंगव्वा होती. तिला अक्षरओळख नाही, पण कान पक्का. श्रीरंगराव कारखान्यातून आले की तिच्या ओसरीत बसून लिहिलेलं वाचायचे आणि ती भाजी निवडत ऐकायची. मजकूर जमला असला की तिचे हात आपोआप थांबायचे. हात चालूच राहिले की श्रीरंगराव मुकाट्याने तेवढं खोडायचे. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हात शहाणे झाले असते.

सत्कारांच्या गडबडीत आठ महिने तिकडे जाणंच झालं नाही. शेवटी एका दुपारी ते पानं घेऊन गेले. गंगव्वा अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. त्यांना पाहताच तिने टोपली आत सारली, खुर्ची पुसली आणि समोर हात जोडून बसली.

"शेंगा आण की इकडं," ते म्हणाले.

"छे हो, सर. एवढ्या मोठ्या माणसाच्या पुढ्यात शेंगा सोलत बसू काय?"

तीस वर्षं ती त्यांना अण्णा म्हणत आली होती.

त्यांनी वाचायला घेतलं. मधेच, फालतू आहे हे स्वतःलाच ठाऊक असलेलं एक पान मुद्दाम सावकाश वाचलं. जोडलेले हात तसूभर हलले नाहीत.

"लई छान, सर," ती मनापासून म्हणाली.

निघताना तिने सोललेले दाणे डब्यात घालून दिले. घरी येऊन त्यांनी डबा टेबलावर ठेवला, शेजारी पानं ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं. बायको गेली तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं. खोडायचं होतं; कुठे, ते सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.